आभाळासाठी खाच

११ जानेवारी, रविवार

कॉलेज सोडल्यापासून आज पहिल्यांदा सकाळी उठायला कारण होतं, म्हणून लिहायला बसलो.

कारण म्हणजे श्रावणी. इथलीच, रायपूरच्या चौबे कॉलोनीतली. शाळेत आमच्या पुढे होती, आता अहमदाबादला जुन्या इमारती कशा वाचवायच्या ते शिकते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तिने निवडलं काय, तर आमच्या मराठी हितवर्धक मंडळाच्या आवारातलं कॉटेज. मी तात्यापाऱ्यातला, ते कॉटेज जन्मापासून पाहतो आहे. गणपतीच्या मांडवाचे बांबू, फाटक्या सतरंज्या आणि जेवणावळीची पातेली ठेवायची खोली, एवढंच आम्हाला ठाऊक. श्रावणी सांगते की ते कुण्या इंग्रज जंगल-साहेबाने बांधलं. पुढे मंडळाला मिळालं, आणि तिथे यशवंतराव घाटे नावाचे पेंटर आयुष्यभर मंडळाच्या नाटकांचे पडदे रंगवत बसले. जंगल, महाल, रस्ता. तो त्यांचा स्टुडिओ होता.

आता मंडळाला ते पाडायचं आहे. विशाल भैया आमचे बांधकाम सचिव, त्यांना तिथे लग्नाचं लॉन हवं. २२ फेब्रुवारीच्या सभेत निकाल. त्याआधी श्रावणीला सभासदांना पटवायचं आहे की ही काही साधी कोठी नव्हे. सामान हलवायला तिला माणूस पाहिजे होता. अध्यक्ष इंदू काकूंनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. "हा भार्गव रिकामाच आहे, याले ने."

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही.

श्रावणीने सगळं फिरून दाखवलं. उत्तरेची मोठी खिडकी दाखवली, छपराच्या वाशांना ठोकलेल्या लोखंडी कड्या दाखवल्या. मग एका भिंतीलगतच्या सतरंज्या उचलायला लावल्या आणि तिथल्या जमिनीबद्दल बराच वेळ बोलली. काय बोलली ते आठवत नाही. तिच्या भुवईला कोळिष्टक लागलं होतं, आणि ते सांगावं की आपणच काढावं याचा मी विचार करून राहिलो होतो.

दोन्ही केलं नाही. पण उद्याही बोलावलं आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. मंडळात तिळगूळ. श्रावणीने मला दोनदा दिला. दुसऱ्यांदा विसरून दिला असं ती म्हणाली. विसरून कोणी तिळगूळ देत नाही.

विशाल भैया कॉटेजच्या दारात येऊन मोजमाप घेऊन राहिले होते. मी म्हटलं, "सभा होऊ द्या ना भैया, मग मोजा." सगळ्यांदेखत हसले. "कॉलेज तो तुझसे बचा नहीं, छोटे. कॉटेज बचाएगा?"

कॉलर धरणारच होतो. श्रावणीने बाही ओढली. "भार्गव, छोड़ो ना. चाय पीते हैं."

तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत देते. मी मराठीतच बोलतो. असं अर्ध्या-अर्ध्या भाषेत बोलणं मला आवडायला लागलं आहे.

तो शर्ट धुवायला टाकलेला नाही.

१९ जानेवारी

बाबांनी जेवताना विषय काढला. "होळीपर्यंत पाहतो. मग कॉलेजात परत जायचं, नाहीतर माझ्या ऑफिसात कंत्राटी लोकांच्या लाइनीत उभं राहायचं." बाबा रेल्वेच्या ऑफिसात आहेत, त्यांना प्रत्येक गोष्ट वेळापत्रकातली लागते. मी म्हटलं, मी सध्या काम करून राहिलो आहे. "कोणतं?" "कॉटेज वाचवायचं." बाबांनी आईकडे पाहिलं. आईने पोळी वाढली.

परत जाणार नाही. त्या सरांनी वर्गासमोर जे म्हटलं ते मी विसरणार नाही आणि मी जे म्हटलं ते तेही विसरणार नाहीत. मिटलं.

२४ जानेवारी

अहमदाबादहून शिशिर नावाचा कोणी सीनियर आला, वरून फोटो काढायला ड्रोन घेऊन. उंच आहे, बाकी काही खास नाही. श्रावणीचा डबा न विचारता उघडून खायला बसला आणि भरल्या वांग्यातली वांगी काढून घेतली, म्हणे ती खात नाही. मला ठाऊक नव्हतं. अशी सीनियर लोकं सगळीकडे असतात, ज्युनियरच्या डब्यावर जगतात. श्रावणीच्या आई त्याला भेटायला मुद्दाम कॉटेजवर आल्या आणि त्याच्या आईची तब्येत विचारत बसल्या. अतिथी म्हणून लोक किती करतात.

दुपारी वाईट झालं. श्रावणी टेप धरून मागे मागे चालत होती, आणि भिंतीलगत जमिनीत ती जी लांब फट आहे, दीड वीत रुंद आणि कचऱ्याने भरलेली, तिच्यात तिचा पाय गुडघ्यापर्यंत गेला. नडगी सोलली. ती हसली, शिशिरही हसला. मला हसू आलं नाही. राहत्या खोलीत अशी नाली कोण ठेवतं? इंग्रजांनी आंघोळीचं पाणी काढायला केली असणार, आणि आमच्या मंडळाला इतक्या वर्षांत ती बुजवायची अक्कल नाही.

उद्या दोघं अहमदाबादला जाऊन राहिले. तिच्या कामाची तिथे तपासणी आहे.

२९ जानेवारी

आज मी एक गोष्ट केली, आणि चांगली केली.

नाली बुजवली. कचरा दाबून वर विटांचे तुकडे भरले, त्यावर सिमेंट. विशाल भैयांनी पाहिलं आणि मी काही न मागता सिमेंटची पोती पाठवून दिली. वर स्वतः येऊन थापी हातात घेऊन दाखवलं. "बढ़िया काम कर रहा है छोटे. एकदम लेवल कर दे, कुछ दिखना नहीं चाहिए." माणूस वाटतो तसा वाईट नाही. बोलायला उद्धट, पण पोरीचा पाय अडकतो म्हटल्यावर त्यालाही वाटलंच ना काही.

संध्याकाळी पाणी मारलं. इतकं सपाट झालं आहे की तिथे काही होतं हे कोणाला सांगून पटणार नाही. श्रावणीला आधी सांगणार नाही. येईल तेव्हा पाहील.

६ फेब्रुवारी

आली. पाहिलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि सिमेंटवर हात ठेवून राहिली, जसा कोणाच्या तापलेल्या कपाळावर ठेवतात.

"तुमको पहले दिन ही बताया था, भार्गव."

मग परत सांगितलं, हळूहळू, आणि या वेळी मी ऐकलं. ती नाली नव्हती. ती पडद्यासाठी कापलेली खाच होती. नाटकाचा पडदा या छपरापेक्षा उंच. पेंटर जमिनीवर उभा राहतो, वरचं आभाळ रंगवायचं तर हात पोचत नाही. मग काय करायचं, तर कड्यांतून दोर ओवून पडदा टांगायचा आणि सगळा पडदाच जमिनीत खाली सोडायचा. आभाळ हाताशी येतं. खालचं गवत रंगवायचं तेव्हा ओढून वर घ्यायचा. यशवंतरावांनी ही खाच स्वतः कापली. हे कॉटेज स्टुडिओ होतं याची खूण म्हणजे तेवढी एकच. बाकी खिडक्या-कड्या काय, साऱ्या घरांना असतात.

"तसंही ती कमजोर खूण होती," असं काहीसं ती हिंदीत म्हणाली. गुडघाभर खाचेत पडदा किती उतरणार? तिच्या सरांनीही तेच विचारलं होतं. "पर कुछ तो था."

मी म्हटलं, "फोटो आहेत ना तुझ्याकडे."

"विशाल भैया बोलेंगे नाली का फोटो है."

मग मला राग आला. म्हटलं, इतकी मोठी गोष्ट होती तर तिथे पाटी लावायची होती, माझी भुवई... म्हणजे तिची भुवई... काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ती बॅग घेऊन गेली.

घरी येताना लक्षात आलं की ती नाली नाही हे विशाल भैयांना ठाऊक होतं. पहिल्यापासून. सिमेंट काहून पाठवलं, थापी काहून धरली. मी त्यांच्याच हाताने माझ्या हाताने... जाऊ दे.

८ फेब्रुवारी, रविवार

छन्नी-हातोडा घेऊन सकाळीच गेलो. सिमेंट माझ्याइतकंच हट्टी निघालं. तासभर ठोकलं तरी रुपयाएवढे टवके. बोटं सोलली.

दारात सावली पडली. वाटलं विशाल भैया, आणि मी हातोडा घेऊनच उठलो. बाबा होते. बागकामाची जुनी पँट घातलेली.

"हे तू भरलं?"

"हो."

वाकून पाहिलं. "लेव्हल चांगली आहे."

घमेलं घेतलं आणि मी फोडेन तो मलबा बाहेर टाकत राहिले. दुपारी म्हणाले, "छन्नी अशी उभी मारतात का बे? तिरपी धर." तिरपी धरल्यावर भराभर सुटायला लागलं. खाचेच्या काठाला बसवलेलं सागवान एका जागी माझ्याच घावाने तुटलं. मला रडू आल्यासारखं झालं, बाबांनी तिकडे पाहिलं नाही.

१० फेब्रुवारी

माझ्या विटा निघाल्या. मग त्याखालचा जुना कचरा लागला. नारळाच्या करवंट्या, फुटक्या पणत्या, बिनअंगठ्याची चप्पल, मांडवाच्या सुतळ्या. खाच श्रावणीने मोजली होती तेवढी परत मोकळी झाली होती, थांबायला हरकत नव्हती. पण डोक्यात राग होता. श्रावणीवर नाही, विशाल भैयांवरही नाही, कुणावर ते नीट सांगता येत नाही. तो उतरेपर्यंत उपसत राहिलो. कचरा संपेना. अंग चोरून आत उतरलो, मी बारीक आहे, मावतो. गुडघा, कंबर, छाती. शेवटी पायाला फरशी लागली तेव्हा माझं डोकं जमिनीच्या बरोबरीला होतं.

मान वळवायला जागा नव्हती म्हणून समोरच्या भिंतीकडेच पाहावं लागलं. ती निळी होती. ओघळच्या ओघळ, एकावर एक सुकलेले, बोटभर जाड. खाली हिरवे, मग तपकिरी. वरून पडदा जात-येत असताना जो रंग गळला तो सगळा तिथे जमून राहिला आहे.

ही गुडघाभर नाही. माणूसभर आहे.

आतूनच श्रावणीला फोन लावला. माझा आवाज ऐकून तिला वाटलं मी विहिरीत पडलो.

११ फेब्रुवारी

ती टॉर्च घेऊन वरून पाहत राहिली, मी आत उभा राहून टेपचं टोक धरलं. मग मराठीत म्हणाली, "अजून खाली धर." मराठीत. मला.

तुटलेल्या काठावर मी लाकूडभुसा आणि सरस भरून देतो म्हटलं. "नहीं. टूटा है तो टूटा दिखे. अब कुछ मत भरना, प्लीज़."

माफी मागायची राहून गेली. पण तिला कळली असणार. आमच्यात आता तेवढं न बोलता कळतं.

१५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. मंडळात शुकशुकाट, आम्हाला फावलं. पातेल्यांच्या मागे बांबूवर गुंडाळलेलं जे जाड कापड आम्ही वर्षानुवर्षं मांडवाचं समजत होतो, ते सोडलं तर आत झाडं. जंगलाचा पडदा. खालची कड उंदरांनी खाल्ली आहे, बाकी धड. सभेच्या दिवशी हाच टांगायचा, अशी माझी कल्पना. श्रावणी म्हणाली, "फट जाएगा." मी म्हटलं, "मी आहे ना." कप्प्या गोल बाजारातून आणल्या, दोर नवा आणला. कड्या मात्र त्यांच्याच, यशवंतरावांच्या. ओढून पाहिल्या, हलल्यासुद्धा नाहीत.

२२ फेब्रुवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर विसरेन.

सभा कॉटेजसमोरच भरली. श्रावणीने नकाशे दाखवले, हिंदीत बोलली, मध्ये अडखळत मराठीत. म्हातारी मंडळी माना डोलवत होती, पण नजर चहाच्या थर्मासवर. मग विशाल भैया उठले. "देखिए, बच्ची ने मेहनत की है. पण नालीला स्टुडिओ म्हणायचं असेल तर माझ्या घरी दोन स्टुडिओ आहेत." सगळे हसले. भांडणारा माणूस नाही तो, बोलणारा आहे. लॉन झालं तर आपल्या मुलींची लग्नं आपल्या आवारात होतील, म्हणाले. हे खरंच होतं, आणि लोकांना ते पटत होतं हे मला दिसत होतं.

माझं डोकं तापलं. चार शब्द तोंडात आले होते. श्रावणीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं आणि आत जाऊन म्हटलं, "सगळ्यांनी एकदा इकडे या."

येऊन दाटीवाटीने उभे राहिले. जंगलाचा पडदा टांगलेला होता, वरचा भाग वाशांपाशी गुंडाळून बांधलेला, कारण पूर्ण उलगडायला उंचीच नाही. मी गाठ सोडली आणि दोर ढिला दिला. पडदा जमिनीत जायला लागला. गवत गेलं, झाडांची खोडं गेली. पुढे वजन इतकं आलं की दोर माझ्या सोललेल्या तळहातांतून सुटायला लागला, तेवढ्यात मागून कोणीतरी धरला. बाबा. दोघांनी मिळून सोडला. फांद्या खाली आल्या, मग आभाळ आलं, आणि हात उंचावला तर पोचेल अशा जागी येऊन थांबलं.

आभाळात ब्रशचे फटकारे स्पष्ट दिसत होते. एका ढगाच्या कडेला पेंटरच्या अंगठ्याचा ठसा होता.

इंदू काकू पुढे आल्या. तरुणपणी मंडळाच्या सगळ्या नाटकांत त्याच नायिका. हात वर करून त्यांनी ढगाला बोट लावलं.

"या जंगलात मी किती वर्षं उभी रायली," त्या म्हणाल्या. "पण तोंड लोकायकडे, जंगल पाठीशी. हे आभाळ मले कधी दिसलंच नाही."

मग म्हणाल्या, "विशाल, नालीत असं आभाळ मावते काय रे?"

विशाल भैया खाचेत डोकावून पाहत होते. "इतनी गहरी है, ये तो मुझे भी नहीं पता था," ते म्हणाले, आणि मग, मला वाटलं नव्हतं, माझ्याकडे हात केला. "रस्सी दे. ऊपर भी जाता है क्या?" स्वतः ओढून झाडं वर आणली, परत खाली सोडली. लॉन विसरले नाहीत. म्हणाले, ठीक आहे, कॉटेज राहू द्या, लॉन मागच्या जागेत बघू. पण नुसतं ठेवायचं असेल तर परत पातेलीच भरतील. इथे पडदे होणार आहेत का? कोण करणार?

"मी," मी म्हटलं.

"तुला पेंटिंग येतं?"

"येईल."

हात वर झाले. कॉटेज राहिलं. पाडव्याच्या नाटकाला नवा पडदा द्यायचा, ही अट. श्रावणी रडत होती, आणि हसतही होती. शिशिरला फोन लावून म्हणाली, "हो गया, हो गया." प्रोजेक्टचं असतं, सीनियरला कळवावं लागतं.

२ मार्च

कापडाचा पहिला तुकडा वाया गेला. रंगाआधी कापडाला द्यायचा सरस जास्त झाला, वाळल्यावर पापड. दुसरा बरा. सरस पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवायचा, त्यात खडूची भुकटी, गरम असतानाच लावायचा. इंदू काकूंना फक्त वास आठवतो. येऊन हुंगतात आणि म्हणतात, "हव, असाच यायचा." किंवा, "नाही रे, हे जळलं."

बाबांना म्हटलं, होळी परवा आहे. म्हणाले, "माहीत आहे." मग म्हणाले, "पाडवा कधी आहे?" आणि पेपर उघडला.

५ मार्च

श्रावणीचं रायपूरचं काम संपलं. उद्या दुपारच्या अहमदाबाद गाडीने जाते. आज पेढे द्यायला आली होती. म्हणाली, मे महिन्यात घरी कार्यक्रम आहे, यायचंच, आईबाबांनाही आणायचं. आईबाबांनाही, असं खास म्हणाली. शिशिरच्या घरचेही येणार आहेत म्हणे, एवढ्या लांबून. मी आईला सांगितलं. आई माझ्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "चांगली पोट्टी आहे. तू जेवून घे."

उद्या स्टेशनवर सांगून टाकतो. काय बोलायचं ते ठरलं आहे, पाठही आहे.

६ मार्च

गाडी गेली.

जाणारच होतो. शर्ट इस्त्री करून कॉटेजवर नेला होता, तिथूनच निघायचं म्हणून. पण सकाळी पूर्ण पडदा शिवून टांगला आणि वाटलं, सरसाचा हात तेवढा देऊन जाऊ. एकदा सुरू केलं की मध्ये थांबता येत नाही. ओलं आणि वाळलेलं जिथे भेटतं तिथे रेघ उठते, आणि ती वरून कितीही रंग दिला तरी दिसते. वरचा पट्टा झाला, दोर ओढला, मधला घेतला. भांडं थंड झालं, परत तापवलं. खालच्या कडेशी आलो तेव्हा खिडकीतला उजेड बदललेला होता. फोन पाहिला. तिचे कॉल येऊन गेलेले, आणि एक मेसेज. निकल गई, आते तो अच्छा लगता, आसमान बने तो फोटो भेजना.

तोवर गाडी गोंदियाच्याही पुढे असणार.

वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटेल, उद्या. आत्ता पडदा वर घेतला, खाली घेतला, खिडकीशी उभं राहून तिरपं पाहिलं. कुठेही रेघ नाही. रात्रीतून वाळेल. सकाळी निळा घोटायला घेतो.